डोंगरमाथ्यावरील राजधानी : जव्हार नगराचे दर्शन आणि त्याचा परिसर

प्रस्तावना :

पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर औद्योगिक पट्ट्यात वसलेल्या कुंभवली, पास्थळ, सालवड, सरावली या गावांमधील रहिवाशांना एका दिवसात जाऊन येण्याजोगे ऐतिहासिक नगर कोणते, असा प्रश्न विचारल्यास बहुधा जव्हारचेच नाव पुढे येते. बोईसरहून चिल्हार फाटा, तेथून राष्ट्रीय महामार्गाने मनोरचा मस्तान नाका आणि पुढे विक्रमगडमार्गे घाटाची वळणे चढत जव्हार, असा हा सुमारे ७० किलोमीटरचा रस्ता आहे. आषाढ-श्रावणात शनिवारी-रविवारी या रस्त्यावर वाहनांची रीघ लागते. धबधबा, राजवाडा आणि सूर्यास्त पाहून मंडळी रात्री घरी परततात. जव्हार 'पाहून झाले' असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

जव्हारचा उल्लेख दीर्घकाळ 'ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर' असा होत आला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाल्यानंतर केवळ जिल्ह्याचे नाव बदलले. महाबळेश्वराची उपमा कायम राहिली. ही उपमा गौरवासाठी वापरली जात असली तरी ती मुळातच चुकीची आहे आणि जव्हारला येणारा प्रवासी काय पाहतो व काय पाहत नाही, हे पुष्कळ अंशी तीच ठरवते. जव्हारची तुलना करावयाचीच झाली तर ती इटलीतील तोस्काना व उंब्रिया या प्रांतांतील डोंगरी नगरांशी करणे अधिक सयुक्तिक ठरेल. ती का, आणि त्या तुलनेतून जव्हारच्या भेटीविषयी काय समजते, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

गिरिस्थान आणि गिरिनगर :

महाबळेश्वरला प्राचीन तीर्थक्षेत्राची पार्श्वभूमी असली, तरी थंड हवेचे ठिकाण म्हणून त्याची उभारणी १८२० च्या दशकाच्या अखेरीस इंग्रज अधिकाऱ्यांनी केली. माथेरान १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नजरेस आले आणि पुढे तेथे बंगले उभे राहिले. अशा ठिकाणांना गिरिस्थान म्हणतात. गिरिस्थान हे सपाटीवरील माणसाने आपल्या विश्रांतीसाठी निर्माण केलेले असते. त्यामुळे तेथील पाहण्याची स्थळेसुद्धा प्रवाशाच्या सोयीने ठरतात. 'पॉइंट' हा शब्द त्याच संस्कृतीतून आला. कड्याच्या टोकाशी उभे राहावे, दूरवर पाहावे आणि परतावे, एवढेच त्यात अपेक्षित असते.

गिरिनगराचे तसे नसते. तेथे माणसे हवेसाठी राहावयास आलेली नसतात. राज्यकारभार, बाजार, संरक्षण आणि पाणी या कारणांनी ती डोंगरावर वसलेली असतात. मध्य इटलीत अशी शेकडो नगरे आहेत. त्यांपैकी काहींचे मूळ रोमपूर्व काळातील एट्रुस्कन लोकांपर्यंत जाते. शत्रूवर नजर ठेवता यावी हे एक कारण होतेच. परंतु खालच्या दलदलीच्या प्रदेशातील, विशेषतः मारेम्मा भागातील हिवताप हेही तितकेच महत्त्वाचे कारण होते. मध्ययुगात या नगरांनी स्वतःचे कायदे केले, कर बसविले, एकमेकांशी लढायाही केल्या. सान जिमिन्यानो या छोट्या नगरात श्रीमंत घराण्यांनी परस्परांच्या ईर्ष्येने बांधलेल्या उंच मनोऱ्यांपैकी १४ आजही उभे आहेत. १९९० मध्ये या नगराचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

या नगरांची मराठी माणसाला झालेली एक ओळख पर्यटनाच्या कितीतरी आधीची आणि अत्यंत वेगळ्या प्रकारची आहे. दुसऱ्या महायुद्धात १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले व त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. ते आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे. उंब्रियातील मोंतोने या डोंगरी नगरात २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघटिका उभारण्यात आली आहे. ज्या कारणासाठी ही नगरे उंचावर वसली, त्याच कारणासाठी ती जिंकून घेणे सैन्यांना विसाव्या शतकातही अतिशय महाग पडले.

राजधानीची घडण :

सिएना नगराच्या सभागृहात आम्ब्रोजो लोरेंझेत्ती या चित्रकाराने १३३८-३९ च्या सुमारास काढलेली भित्तिचित्रे आहेत. चांगल्या व वाईट राज्यकारभाराचे परिणाम त्यांत दाखविले आहेत. त्यांतील वैशिष्ट्य असे की, तटबंदीच्या आतील बाजार, नृत्य करणारा समूह आणि घरे बांधणारे गवंडी जेवढ्या आस्थेने रंगविले आहेत, तेवढ्याच आस्थेने वेशीबाहेरील नांगरट, कापणी, मळणी आणि लादलेली जनावरे घेऊन नगराकडे येणारा शेतकरीही रंगविला आहे. नगर आणि परिसर एकाच भिंतीवर सलग आहेत. मध्ये केवळ एक वेस आहे.

ही चित्रे पूर्ण झाल्यानंतर चारच वर्षांनी, इकडे उत्तर कोकणात, जव्हारच्या राजघराण्याला मान्यता मिळाली. गॅझेटियरमधील नोंदीनुसार महादेव कोळी समाजातील जयबा मुकणे हे या घराण्याचे संस्थापक. त्यांच्या पुत्रास दिल्लीच्या सुलतानाकडून 'नीमशहा' हा किताब ५ जून १३४३ रोजी मिळाला आणि तेव्हापासून संस्थानची स्वतंत्र कालगणना सुरू झाली, असे सांगितले जाते.

जयबांनी जव्हार कसे मिळविले, याविषयीची आख्यायिका प्रसिद्ध आहे. येथील वारली प्रमुखाकडे त्यांनी बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. मागणी मान्य होताच त्यांनी कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या आणि त्या एकापुढे एक जोडून संपूर्ण डोंगरास वेढा दिला. नेमकी हीच कथा कार्थेजची राणी डिडो हिच्याविषयी सांगितली जाते आणि व्हर्जिलच्या 'एनीड' या लॅटिन महाकाव्यात तिचा निर्देश आहे. दोन कथांमध्ये प्रत्यक्ष संबंध शोधण्याचा मोह आवरलेला बरा. नवा राज्यकर्ता आणि पूर्वीचा भूमिधारक यांच्यातील व्यवहार सांगण्याची ही जगभर आढळणारी पद्धत आहे. जव्हारच्या कथेचे महत्त्व निराळ्या कारणासाठी आहे. राज्य स्थापन होण्यापूर्वी ही भूमी वारल्यांची होती, ही गोष्ट राजघराण्याच्या परंपरेनेच या कथेत जपून ठेवली आहे.

समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवरील या पठारावरून पश्चिमेस डहाणू-तारापूरची किनारपट्टी आणि पूर्वेस त्र्यंबक-नाशिककडे चढणाऱ्या घाटवाटा, या दोहोंमधील रहदारीवर लक्ष ठेवता येत असे. जव्हारपासून काही अंतरावर झाप गावाजवळ भूपतगड आहे. गडावर खडकात खोदलेली पाण्याची टाकी व पडक्या बांधकामांचे अवशेष एवढेच आज दिसतात. मात्र तेथून खालचे दऱ्याखोऱ्यांचे जाळे पाहिले म्हणजे राजधानीसाठी हीच जागा का निवडली गेली, हे कोणाच्याही सांगण्यावाचून समजते.

गावाजवळचे शिरपामाळ हे स्थळ छत्रपती शिवाजी महाराजांच्या सुरतेच्या पहिल्या मोहिमेशी निगडित आहे. १६६४ च्या आरंभी झालेल्या त्या मोहिमेच्या वाटेवर महाराजांचा मुक्काम येथे झाला व विक्रमशहा राजांनी त्यांचे स्वागत केले, अशी स्थानिक परंपरा आहे. मानाच्या शिरपेचावरून माळाला हे नाव पडल्याचे सांगतात. येणाऱ्या प्रवाशाला ही भेट आवर्जून ऐकविली जाते. पुढे १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांच्या नेतृत्वाखालील मराठी फौजेने जव्हार जिंकून घेतले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. दोन्ही घटना एकत्र ठेवल्या तरच मोगल, पोर्तुगीज आणि मराठे यांच्या कात्रीत टिकून राहण्यासाठी एका लहान डोंगरी राज्याला काय काय करावे लागले, याची कल्पना येते.

नगराचे आजचे रूप प्रामुख्याने संस्थानी काळाच्या अखेरच्या पर्वातील आहे. वस्तीमधील जुना राजवाडा, १९१८ मध्ये स्थापन झालेली नगरपालिका, राजाचे नाव धारण करणारे पतंगशहा कुटीर रुग्णालय ही त्याची ठळक चिन्हे होत. शेवटचे राज्यकर्ते यशवंतराव मुकणे यांच्या कारकिर्दीत गावाबाहेर काजूच्या झाडीत उभारलेला जयविलास हा युरोपीय धाटणीचा दगडी राजवाडा चित्रपटांमुळे सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. सुमारे ३१० चौरस मैलांचे हे संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. जयविलास ही राजघराण्याची खासगी वास्तू आहे आणि ती पाहावयास मिळणे हा प्रवाशाचा हक्क नव्हे, एवढे भान ठेवले तर बरे.

वेशीबाहेरचा प्रदेश :

जव्हार शहराची लोकसंख्या बारा हजारांच्या आसपास आहे. परंतु लोरेंझेत्तीच्या भिंतीप्रमाणे पाहावयाचे तर शहर हा चित्राचा एक भाग झाला. उरलेला मोठा भाग वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या समाजांच्या पाड्यांचा आहे. उतारावरील राबाची जमीन, नागली, वरई, थोडे भात, उडीद व खुरासणी हे पीक. मोहाची फुले आणि रानभाज्या. भिंतीला गेरू अथवा शेण-मातीचा लेप. लग्नाच्या वेळी सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने या भिंतीवर चौक लिहावयाचा आणि धवलेरीने गाणी म्हणावयाची, ही वारली चित्रकलेची मूळ जागा होय. १९७० च्या दशकापासून हे चित्र कागदावर व कापडावर आले. डहाणू तालुक्यातील गंजाडजवळचे जिव्या सोमा मशे यांनी ते जगापुढे नेले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि मे २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. आज बोईसरच्या दुकानातही वारली चित्राचा पेला मिळतो, परंतु ज्या भिंतीवरून ते चित्र आले ती भिंत पाहिलेली माणसे त्याच बोईसरमध्ये थोडी असतील.

या प्रदेशातील विरोधाभास पाण्याचा आहे. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण बसाल्टचा खडक आणि तीव्र उतार यांमुळे तो थांबत नाही. फाल्गुन-चैत्रापासून पाड्यांवरील विहिरी तळ गाठतात. याच डोंगराळ भागातून वाहणाऱ्या वैतरणेवरील धरणांतून मुंबईला पाणी जाते. मोखाडा तालुक्यातील मध्य वैतरणा धरण हे त्यांतील अलीकडचे. सूर्या नदीवरील धामणी धरणाचे पाणी तारापूर औद्योगिक क्षेत्रास आणि थेट वसई-विरारपर्यंत पोहोचते. म्हणजे कुंभवलीच्या परिसरातील कारखान्यात काम करणारा माणूस सहलीसाठी जव्हारला जातो, तेव्हा तो आपल्या नळाच्या उगमाकडेच निघालेला असतो.

दुसरी गोष्ट स्थलांतराची. दिवाळी झाली की पाड्यांमधील कुटुंबेच्या कुटुंबे उचल घेऊन भिवंडी, वसई, वाडा या बाजूंच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर आणि रेतीच्या कामांवर जातात. त्यासाठी येथील बोलीत 'जगायला जाणे' असा प्रयोग आहे. यापेक्षा नेमका शब्द कोणत्याही अहवालात आढळणार नाही. मृगाच्या तोंडावर पेरणीसाठी ती परततात. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात शंभराहून अधिक बालके कुपोषण व आजारांनी दगावल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा महाराष्ट्राला या प्रदेशाची प्रथमच दखल घ्यावी लागली. त्यानंतर न्यायालयीन याचिका झाल्या, आरोग्य व पोषणाच्या योजना आल्या. जव्हारचे नाव वृत्तपत्रांत आजही दोनच प्रकारे येते, पावसाळ्यात धबधब्यासाठी आणि एरवी कुपोषणासाठी. ही दोन्ही वृत्ते एकाच ठिकाणची आहेत, असे वाचणाऱ्याच्या क्वचितच लक्षात येते.

इटलीचा अनुभव आणि जव्हार :

इटलीतील डोंगरी नगरांचा परिसरही एके काळी असाच रिकामा झाला. तेथे अर्धेलीची शेतीपद्धती शतकानुशतके होती. पिकाचा निम्मा वाटा जमीनमालकाचा. १९५० व १९६० च्या दशकांत कुळे फ्लोरेन्स, मिलान, तुरीन येथील कारखान्यांकडे निघून गेली आणि १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले. दगडी घरे ओस पडली. पुढे ती परदेशी लोकांनी विकत घेतली आणि आज प्रवासी ज्या भूदृश्याची छायाचित्रे काढतो, त्यात अनेक ठिकाणी घर शिल्लक आहे पण शेतकरी नाही.

याचे टोकाचे उदाहरण म्हणजे लाझियो प्रांतातील चिविता दि बान्योरेज्जो. ठिसूळ खडकाच्या सुळक्यावरील हे गाव सतत ढासळत असल्याने एका अरुंद पादचारी पुलानेच तेथे जाता येते. कायमचे रहिवासी मोजके, जेमतेम डझनभर. २०१३ मध्ये पूल ओलांडण्यासाठी शुल्क सुरू झाले, तेव्हा प्रवासी घटतील अशी भीती होती. प्रत्यक्षात त्यांची संख्या वर्षाला कित्येक लाखांवर गेली. त्या उत्पन्नातून मूळ गावच्या नगरपालिकेस नागरिकांवरील करांचा भार हलका करता आला, हे खरे. मात्र सायंकाळी शेवटचा प्रवासी परतल्यावर चिवितामध्ये जे उरते त्याला नगर म्हणावे काय, हा प्रश्न तेथील लोकच विचारतात.

जव्हारला अधिक उपयोगी ठरणारे उदाहरण दुसरे आहे. इटलीने १९८५ मध्ये शेतीपर्यटनाचा कायदा केला. त्याचे मर्म असे की, पाहुण्यास राहावयास जागा देणारा हा शेतकरीच असला पाहिजे आणि त्याचे मुख्य काम शेतीच राहिले पाहिजे. पाहुणचार हा शेतीला पूरक असावा, पर्याय नव्हे. महाराष्ट्र शासनानेही २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. तथापि ज्या कुटुंबाकडे वनहक्क कायद्याखाली मिळालेला लहानसा पट्टा आहे आणि जे अर्धे वर्ष भट्टीवर असते, त्याच्यापर्यंत ते धोरण कसे पोहोचणार, हा अवघड प्रश्न आहे. आदिवासींची जमीन बिगरआदिवासींकडे जाऊ नये यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ मध्ये निर्बंध आहेत. तोस्कानातील घरांप्रमाणे येथील डोंगर सहज विकले गेले नाहीत, याचे श्रेय काही अंशी या तरतुदींना दिले पाहिजे. एक फरक मात्र जव्हारच्या बाजूचा आहे. इटलीचे कूळ गेले ते परतले नाही. जव्हारचे कुटुंब दर ज्येष्ठात परत येते.

भेटीचा काळ आणि क्रम :

धबधब्यांसाठी पावसाळ्यातच यावे, हा समज इतका रूढ आहे की, अन्य ऋतूंत जव्हारचा रस्ता ओस असतो. लेंडी नदीवरील दाभोसा धबधबा सुमारे तीनशे फुटांवरून कोसळतो आणि त्याचे दृश्य खरोखर भव्य असते, यात शंका नाही. परंतु जुलै २०२० मध्ये काळमांडवी धबधब्यात पाच तरुण बुडून मरण पावले. पावसाळ्यात प्रशासनाकडून अशा स्थळांवर वेळोवेळी बंदी घातली जाते, ती पाळावयाची असते. शिवाय लावणीच्या दिवसांत पाड्यावरील प्रत्येक माणूस गुडघाभर चिखलात असतो. पाहुण्याशी बोलावयास त्याला उसंत नसते आणि पाहुण्याच्या गाडीतून फेकलेल्या बाटल्या त्याच्याच खाचरात येतात.

कापणी उरकल्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ अधिक योग्य. घरोघरी नवे धान्य असते, माणसे गावी असतात आणि तारप्याच्या नादावर रात्री नाच रंगतात. त्याआधीचा जव्हारचा दसरा हा संस्थानी काळापासूनचा उत्सव असून त्या दिवशी पाड्यांवरील नृत्यपथके नगरात येतात. वेशीच्या आतले आणि बाहेरचे एकत्र दिसण्याचा तो दिवस होय. होळीनंतर चैत्र-वैशाखात जव्हार-मोखाडा भागात बोहाडा होतो. देव-दानवांचे मुखवटे चढविलेली सोंगे संबळ-सनईच्या तालावर रात्रभर नाचत येतात. भट्टीवर गेलेले कित्येकजण त्यासाठी एक-दोन दिवस गावी येऊन जातात. मात्र हा प्रयोग नव्हे, नवसाचा विधी आहे. प्रकाशझोत टाकून सोंगे थांबविणाऱ्या पाहुण्यांबद्दल गावकऱ्यांची नाराजी रास्तच म्हणावी लागेल.

क्रम उलटा करणे हिताचे ठरते. प्रथम राजवाडा आणि मग वेळ उरल्यास गावे, असे न करता सकाळी भूपतगड चढावा, म्हणजे प्रदेश नजरेखाली येतो. नंतर झापसारख्या गावातून पायी फिरावे, नागलीची भाकरी व उडदाची आमटी कोणाच्या घरी मिळाल्यास तिचे पैसे आग्रहाने द्यावेत, चित्र घ्यावयाचे तर काढणाऱ्याच्या हातूनच घ्यावे. दुपारनंतर शहरात येऊन जुना राजवाडा, बाजारपेठ आणि आठवडे बाजाराचा दिवस असल्यास डोंगर उतरून आलेल्या बायकांच्या टोपल्या पाहाव्यात. जयविलास सर्वांत शेवटी. तोपर्यंत उन्हे कलतात आणि हनुमान पॉइंटच्या कठड्यावरून खालच्या दरीतील पाड्यांवर एकेक चूल पेटताना दिसते. पौषात गेल्यास त्यांतील किती चुली पेटत नाहीत, हेही मोजता येते.